बावन्न उंबऱ्यांचा घास

पुष्कळ वर्षं झाली. डोंगरांना नावं होती पण वाटांना अजून पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ती ऐकावीच, पण मोठ्यांनी जरा जास्त कान देऊन ऐकावी, कारण वाढायची पळी मोठ्यांच्याच हातात असते.

एका डोंगराच्या पायथ्याशी बावन्न उंबऱ्यांचं गाव होतं. गावाबाहेर माळावर ठकूबाई नावाची बाई शेळ्या राखून राहायची. नवरा तरुणपणीच गेला होता, मूलबाळ नव्हतं. पण जनावराचं दुखणं तिला माणसाच्या दुखण्याआधी कळायचं. कुणाची गाय अडली, कुणाच्या बैलाचा खांदा सुजला, की माणसं माळ चढून तिच्या झोपडीशी यायची. हात हलका आणि जीभ जड, अशी ती बाई. लोक म्हणायचे, "ठकूआक्काचं औषध गोड असतं, कडू असतं ते बोलणं."

तिचा एक कुत्रा होता. अंगाने सडसडीत, पोट पाठीला लागलेलं. उभा राहिला की जमिनीत सोटा रोवल्यासारखा दिसायचा, म्हणून त्याचं नाव पडलं सोट्या.

एका सुगीत खळ्यावर मळणी चालली होती. सुंद्रा नावाच्या एका बाईने आपली तान्ही लेक बांधावरच्या बाभळीखाली निजवली होती. दिवस कलताना ज्वारीच्या ताटांतून एक तरस बाहेर आलं आणि पोरीचं दुपटं दातांत धरून तिला ओढत निघालं. बायाबापड्या ओरडल्या. हातात कोयते होते, दांडके होते, पण एकाचाही पाय जागचा हलला नाही. धावला तो सोट्या. तरस त्याच्या दुप्पट होतं. त्याने सोट्याचा अर्धा कान तोडला, मांडी फाडली, पण सोट्याने दुपटं सोडवलं. पोर धुळीत पडून रडत होती, आणि तिच्यावर पाय रोवून तो रक्तबंबाळ कुत्रा उभा होता.

गावाने त्या दिवशी त्याला खांद्यावर घेतलं. पाटलांनी चावडीवर सगळ्यांना जमवून सांगितलं, "हा कुत्रा आता एकट्या ठकूचा नाही, गावाचा आहे. चावडीच्या ओट्यावर राहील. रोज प्रत्येक घराने त्याला एक घास द्यायचा. ज्या घरचा घास चुकेल, त्या घराने गावाची माफी मागायची."

ठकूबाईचं काळीज जरा हललं. पण आपल्या कुत्र्याला गाव एवढा मान देतंय, तर नाही कसं म्हणायचं, असं तिला वाटलं. खरं सांगायचं तर तिला अभिमानही वाटला. तिने सोट्याच्या गळ्यातली दोरी सोडली आणि ती पाटलांच्या हातात दिली.

त्याच वर्षी माळावरचा चारा करपला. ठकूबाई शेळ्या घेऊन घाटाखाली नदीकाठच्या मुलखात गेली. गेली ती दोन वर्षांनीच परत आली.

वेशीतून आत शिरताच तिने दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली. पूर्वी या शिळेवर सोट्या कुठूनही बाण सुटल्यासारखा यायचा. आज कुणी आलं नाही. ती चावडीपाशी गेली. ओट्यावर काहीतरी पडलं होतं. आधी तिला वाटलं, धान्याचं पोतं असेल. मग त्या पोत्याचा अर्धा कान हलला.



सोट्याने तिला ओळखलं होतं. तो उठायला बघत होता. पुढचे पाय त्याने कसेबसे टेकले, पण मागचे उचलेनात. दोनदा प्रयत्न करून तो पुन्हा पोटावर कोसळला, आणि सावलीत पडल्या पडल्या भर उन्हात धावल्यासारखा धापा टाकू लागला. शेपूट तेवढी हलत राहिली. ठकूबाईने त्याच्या कुशीवर हात ठेवला. बरगडी लागेना. मळलेल्या कणकेत बोटं रुतावीत तशी ती चरबीत रुतली. सतत पडून राहिल्याने कोपरांवर घट्टे पडून चिघळले होते, त्यावर माश्या बसत होत्या, आणि त्या हाकलायला मान वळवण्याइतकीही जागा त्याच्या गळ्याखाली उरली नव्हती.

ती तशीच बसली असताना एक बाई तुपात भिजवलेली पोळी घेऊन आली. तिने सोट्याकडे पाहिलंही नाही. पोळी त्याच्या तोंडात कोंबली, हात जोडले आणि ती वळली. तिच्यामागून दुसरी आली, तिच्या वाटीत शिरा होता.

ठकूबाईच्या मस्तकात तिडीक गेली. "काय चालवलंय हे?"

"घास देतेय, आक्का. गावाचा नेम आहे ना."

"तो उठू शकत नाही. दिसतंय का तुम्हाला?"

"दिसतंय की. पण आम्ही एकच घास देतो हो. एका घासाने काय होतंय?"

ठकूबाई त्या दिवशी दारोदार फिरली. तेल्याकडे गेली, सुताराकडे गेली, गुरवाकडे गेली. प्रत्येक उंबऱ्यावर तिला तेच ऐकू आलं. आमचा तर एकच. दुसरेच कुणी जास्त देत असतील. जो तो दुसऱ्याच्या दाराकडे बोट दाखवत होता, आणि कुत्रा ओट्यावर मरत होता. मंडळी, गावाचे असे गुन्हे कुणा एकाच्या नावावर चढत नाहीत. सगळे मिळून करतात, आणि घरी जाऊन स्वस्थ झोपतात.

शेवटी ती पाटलांच्या ओसरीवर जाऊन उभी राहिली. पाटील लोडाला टेकून बसले होते. मांडीवर त्यांची पांढरीशुभ्र मांजर होती, कापशी. पाटलांना तिचं फार वेड. दुधावरची साय ते स्वतःच्या बोटाने तिला चाटवत होते. मांजरीचं पोट मांडीच्या दोन्ही बाजूंनी ओघळलं होतं.

"पाटील, सोट्या मरायला टेकलाय," ठकूबाई म्हणाली.

"मरायला? सुखात आहे तो," पाटील म्हणाले. "सुखाने अंग धरलंय जरा."

"उठता येत नाही, श्वास पुरत नाही, अंगावरची माशी हाकलता येत नाही. याला सुख म्हणतात का तुमच्यात?"

पाटलांच्या कपाळाला आठी पडली. "ठकूबाई, उपकार करणाऱ्याला गाव उपाशी ठेवणार नाही. शेळ्यांमागे हिंडून हिंडून तुझी नजर दरिद्री झालीय. दुसऱ्याच्या कुत्र्याच्या तोंडचा घास मोजतेस?"

'दुसऱ्याच्या' हा शब्द तिला चटका बसावा तसा लागला.

"पाटील," ती सावकाश म्हणाली, "त्या तरसाने त्याचा अर्धा कान खाल्ला. उरलेला कुत्रा तुम्ही खाल्लात."

ओसरीवरचे गडी माना खाली घालून उभे राहिले. पाटलांना असं आजवर कुणी बोललं नव्हतं. त्यांचा चेहरा तांबडा झाला. ते काही बोलायच्या आत ठकूबाईच म्हणाली, "मला एक दिवस द्या. उद्या कुणी त्याच्या तोंडात काही घालू नका. मी ओट्याशी पाटी घेऊन बसते. ज्याला जो घास द्यायचा असेल, तो त्याने पाटीत टाकावा. दिवस मावळायला सगळे मिळून बघू."

"बघूच," पाटील म्हणाले. "आणि तुझी पाटी निम्मीसुद्धा भरली नाही, तर पुन्हा चावडीची पायरी चढायची नाहीस."

दुसऱ्या दिवशी उजाडताच ठकूबाई पाटी घेऊन बसली. सोट्यासाठी तिने अर्धी भाकरी ताकात कुस्करून ठेवली होती, ती त्याला दोन वेळा मिळून दिली. बाकी दिवसभर माणसं येत होती आणि पाटीत टाकत होती. भाकरी आली, तूपपोळी आली, कुणी गुळाचा खडा दिला, कुणाच्या घरी बारसं होतं तिथून लाडू आले. सकाळी सासू येऊन गेली, दुपारी तिचीच सून आली, आणि कलत्या उन्हात नातवंडं उरलंसुरलं घेऊन आली. तिघांनाही वाटत होतं, आपल्या घरचा घास आपणच देतोय. दुपारीच पाटी भरली. ठकूबाईने शेजारून एक मोठा हारा मागून आणला. सूर्य डोंगराआड जाईस्तोवर तोही भरला.

गाव जमलं. पाटील आले. ठकूबाईने आपलं घोंगडं अंथरलं आणि पाटी आणि हारा दोन्ही त्यावर पालथे केले. गुडघ्याएवढा ढीग झाला. तुपाचा ओघळ घोंगड्यावरून मातीत उतरला.



"तुमच्यातला सगळ्यात दांडगा गडी पुढे येऊ दे," ठकूबाई म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता, पण तो रडण्याने नव्हे. "त्याने हे एवढं इथे बसून खाऊन दाखवावं. मग उद्या पुन्हा खावं. परवा पुन्हा. असं दोन वर्षं."

एक म्हातारा पुटपुटला, "आम्ही पुण्य म्हणून देत होतो गं."

"पुण्य तुमचं आणि पोट त्याचं," ती कडाडली. "पोरीला वाचवायला तुमच्यातलं कुणी धावलं नाही. ते विसरायला तुम्ही रोज त्याच्या तोंडात पोळी कोंबता. त्याच्याकडे बघत नाही, त्याच्याजवळ बसत नाही. कोंबता, हात जोडता आणि सुटता. दोन वर्षांत एकाने तरी त्याच्या अंगावर हात ठेवला का? ठेवला असतात, तर बरगडी कधी बुडाली ते कळलं असतं."

बायका पदराने डोळे पुसू लागल्या. काही पुरुष मात्र रागावले. पाटील त्यातलेच. भरल्या गावात आपला नेम खोटा ठरला, हे त्यांना सहन झालं नाही.

"ने तुझा कुत्रा," ते म्हणाले. "आणि ऐका सगळ्यांनी. आजपासून माझ्या घरच्या मांजरीलासुद्धा कण मिळणार नाही. चालू दे ठकूबाईचाच न्याय."

ते तरातरा निघून गेले. घोंगड्यावरचं अन्न गावाने गुरांच्या गव्हाणीत वाटून टाकलं. चार गड्यांनी सोट्याला उचलून बैलगाडीत ठेवलं, आणि ठकूबाई त्याला माळावर घेऊन गेली.

आता इथे ठकूबाईचंही चुकलं, ते लपवायचं कारण नाही.

ती रागाने पेटलेली होती. दोन वर्षांची चरबी दोन दिवसांत उतरवायची, असं तिच्या डोक्यात बसलं. दुसऱ्या सकाळी तिने सोट्याच्या गळ्यात दोरी घातली आणि त्याला चढावर ओढत नेऊ लागली. "चल," ती म्हणत होती, "दाखव त्यांना." सोट्या निघाला. तो तिला कधी नाही म्हणालाच नव्हता. वीस पावलं तो चढला, आणि मग बाजूला कलंडून पडला. त्याची जीभ निळसर पडली होती.

ठकूबाई धावत जाऊन पाणी घेऊन आली. त्याच्या तोंडावर, पंजांवर ओलं फडकं फिरवलं. बऱ्याच वेळाने त्याचा श्वास जाग्यावर आला. शुद्धीवर येताच त्याने पहिली गोष्ट केली ती ही, की दोरी धरलेला तिचा हात चाटला.

ती तिथेच खडकावर बसून राहिली. राग गावावरचा होता आणि दोरी कुणाच्या गळ्यात होती? मनातल्या मनात तिने स्वतःला जे सुनावलं, तेवढं तिने पाटलांनाही सुनावलं नव्हतं.

त्या दिवसापासून तिने घाई सोडली. घास एकदम तोडला नाही, आठवड्या-आठवड्याला थोडा थोडा कमी केला. तूपगूळ बंद. भाकरी अर्धी, आणि पोट रिकामं वाटू नये म्हणून तिच्यात शिजवलेला भोपळा, कधी बिनतिखटाचं मांस. सकाळी अंगणाच्या टोकाच्या खडकापर्यंत चालायचं, तिथे बसायचं, मागे यायचं. कोपरांवर हळदीचा लेप. तिने एक सुती दोरी घेतली, सोट्याच्या पोटाभोवती फिरवली आणि जिथे टोक पुरलं तिथे गाठ मारली. दर पंधरवड्याला दोरी पुन्हा फिरवायची आणि नवी गाठ कुठे येते ते बघायचं, असा तिने नेम केला.

सोट्याला आणल्यापासून पाचव्या दिवशी माळावर पाटील आले. एकटे, पायी, डोक्याला पागोटं नाही. उपरण्यात काहीतरी गुंडाळून छातीशी धरलं होतं.

ठकूबाईने उपरणं बाजूला केलं. आत कापशी होती. डोळे अर्धे मिटलेले, आणि डोळ्यांचं पांढरं, कानांची आतली कातडी, सगळं हळदीसारखं पिवळं.

"चार दिवस कोठीत कोंडली होती," पाटील म्हणाले. "म्हटलं, होऊ दे बारीक. आज दार उघडलं, दूध पुढे ठेवलं, साय ठेवली. तोंड फिरवते. काहीच घेत नाही, ठकूबाई."

ठकूबाईच्या ओठांवर पुष्कळ काही आलं. पाटलांचं बोलणं तिच्या कानात अजून ताजं होतं. "माझ्यावरचा राग तुम्ही मांजरीच्या पोटावर काढलात," ती एवढंच म्हणाली, आणि ते म्हणतानाच तिला अंगणात सोट्याला ओढलेली ती दोरी दिसली. तिचा आवाज उतरला.

"लठ्ठ मांजराला कधी एकदम उपाशी ठेवू नये," ती म्हणाली. "अंगातली चरबी सुटून यकृतावर जाऊन बसते. मग भूकच मरते, आणि भुकेपाठोपाठ मांजर. वजन उतरवायचं ते असं, की उतरताना त्या जिवाला कळूही नये."

"वाचेल का?"

"तुमच्यावर आहे. मला शेळ्या आहेत, सोट्या आहे. तुमच्या मांजरीची चाकरी मी करणार नाही. इथे बसा आणि तुम्हीच करा."

आणि पाटील बसले. मांस शिजवून काढलेलं पातळ पाणी कापडाच्या वातीने त्या मांजरीच्या तोंडात थेंब थेंब सोडत, घटकाघटकाला, नऊ दिवस. सुरुवातीला ती ओकून टाकायची. पाटील पुसायचे आणि पुन्हा वात भिजवायचे. साय चाटवायला त्यांना कधी एवढा वेळ लागला नव्हता. त्या नऊ दिवसांत समोरच्या अंगणात सोट्या खडकापर्यंत जाताना आणि धापा टाकत परतताना त्यांना दिसत होता. ते बघायचे आणि नजर खाली वळवायचे.

नवव्या दिवशी कापशीने वात बाजूला सारली आणि वाटीतलं पाणी आपल्या जिभेने प्यायलं. पाटलांनी तोंड उपरण्यात लपवलं.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

"माझ्या झोपडीत म्हणून काय उपयोग?" ठकूबाई म्हणाली. "घासाचा नेम चावडीवर घातला होता. चूकही तिथेच म्हणा."

पाटलांनी ते केलं. दुसऱ्या दिवशी चावडीवर उभं राहून त्यांनी नेम मोडला आणि आपल्या मांजरीची हकीकत जशीच्या तशी सांगितली. ते काही सोपं नव्हतं. ठकूबाईने पहिल्यांदा मनातल्या मनात त्यांना माणूस म्हटलं.

इकडे दोरीवरच्या गाठी सरकू लागल्या. पहिल्या पंधरवड्यात बोटभर, दुसऱ्यात दोन बोटं. सोट्या खडकाच्या पुढे आंब्यापर्यंत जाऊ लागला. आणि मग एकाएकी दोरी थांबली. एक पंधरवडा गेला, दुसरा गेला, गाठ जागची हलेना. उलट तिसऱ्या खेपेला ती मागेच आली.

ठकूबाईने भाकरी मोजून पाहिली. बरोबर होती. मग तिच्या लक्षात आलं, की रोज सकाळी ती शेळ्या घेऊन गेल्यावर सोट्या अंगणात एकटा असतो. कुणी चोरून घास देत असलं तर? तिचं रक्त पुन्हा उकळलं. दुसऱ्या सकाळी तिने शेळ्या पुढे हाकलल्या आणि स्वतः कुंपणामागे दबा धरून बसली.

सरपणाला निघालेल्या बायकांतून एकजण मागे रेंगाळली. तिने इकडेतिकडे पाहिलं, अंगणात शिरली, ओच्यातून गुळाचा लाडू काढला आणि सोट्यापुढे धरला. ठकूबाईने झडप घालून तिचं मनगट पकडलं. लाडू मातीत पडला. बघते तर सुंद्रा. ज्या पोरीला सोट्याने वाचवलं, तिची आई.

"तू?" ठकूबाई म्हणाली. "सगळ्या गावात तू? याचं मरण तुला बघवेल?"

सुंद्राने मनगट सोडवलं नाही. "मारा आक्का मला," ती म्हणाली. "पण माझा हात राहत नाही. पोरगी दारात खेळताना दिसते आणि मला याचा कान आठवतो."  आणि तिने सांगून टाकलं, "त्या दिवशी मी धावले नाही, आक्का. बाकीच्या धावल्या नाहीत ते सोडा. मी आई होते. माझ्या हातात कोयता होता. आणि माझे पाय जमिनीला चिकटले. माझं काम या मुक्या जनावराने केलं. आता याच्यापुढे रिकाम्या हाताने कशी उभी राहू मी?"

ठकूबाईचा राग गेला नाही. पण तो कुणावर टाकावा, ते तिला कळेना. तिने मनगट सोडलं. सोट्या मातीत पडलेल्या लाडवाकडे सरकत होता, तो तिने पायाने दूर लोटला.

मग ती म्हणाली, "त्या दिवशी धावली नाहीस, तर आता चाल. रोज सकाळी ये आणि याच्याबरोबर चाल. तो जेवढा चालेल तेवढंच. तो थांबला की तू थांब. आणि हात रिकामाच आण. पाठीवरून फिरवायला रिकामाच हात लागतो."

सुंद्रा दुसऱ्या दिवशी आली. बरोबर लेकीला घेऊन आली. पहिले काही दिवस सोट्या तिचा ओचा हुंगायचा, कुंई कुंई करायचा, आणि ती मन घट्ट करून दुसरीकडे बघायची. महिन्याभराने त्याने ओचा हुंगणं सोडलं. ती वाटेवर दिसली की तो उठून उभा राहू लागला. आंब्यापासून ओढा, ओढ्यापासून टेकाड, टेकाडापासून वरचा माळ. पोर पुढे धावायची, सोट्या मागून दुडक्या चालीने जायचा, आणि सुंद्रा त्याच्याशी सगळ्या दिवसाचं बोलत चालायची. ठकूबाई लांबून शेळ्यांमधून बघायची. 

सव्वा वर्ष गेलं. एके दिवशी ठकूबाईने सोट्याच्या कुशीवर हात ठेवला, आणि बोटांखाली बरगड्या लागल्या. एक, दोन, तीन. ती मोजत राहिली आणि तिचे डोळे भरून आले.

पण सगळंच परत आलं नाही. तरसाने फाडलेली मांडी केव्हाच भरून आली होती, तरी त्याच पायाचा सांधा दोन वर्षांच्या ओझ्याने झिजला तो झिजलाच. सोट्या धावू लागला, पण लंगडत. तरसाने जे नेलं त्याचं ठकूबाईला कधी वाईट वाटलं नाही. तरस भुकेलं होतं. तो लंगडा पाय मात्र दिसला, की तिच्या पोटात अखेरपर्यंत राग उठायचा, आणि तो उठू नये असं तिला कधी वाटलंही नाही.

एका पाडव्याला सोट्या आपल्या पायांनी गावात आला. वेशीपासून चावडीपर्यंत लोक दुतर्फा उभे होते. पाटलांच्या ओसरीच्या कठड्यावर बारीक झालेली कापशी बसली होती, तिने त्याला बघून पाठ उंचावली. सोट्या चावडीच्या ओट्यावर एका उडीत चढला. लोक हसले, काही रडले.

आणि मग गर्दीतून एक म्हातारा पुढे आला. हातात ताट, ताटात पुरणपोळी, पोळीवर तूप. "सणाचा दिवस आहे," तो म्हणाला. "आज तरी नाही म्हणू नका. माझं मन मोडेल."

सगळ्यांनी ठकूबाईकडे पाहिलं. तिच्या मानेची शीर टरारून फुगली. पण तिने तोंड उघडायच्या आत सुंद्रा ओट्यापुढे येऊन उभी राहिली. तिने म्हाताऱ्याचे दोन्ही हात ताटासकट धरले आणि सांगितलं, "आबा, ही पोळी तुम्ही खा. तुमचं मन मोडलं तर आम्ही ते जोडू. याचं शरीर पुन्हा मोडलं तर कुणी जोडायचं? याला काही द्यायचंच असेल, तर उद्या सकाळी आमच्याबरोबर माळावर चला."

"माझे गुडघे दुखतात गं."

"याचाही पाय दुखतो, आबा. हळूहळू जाऊ."

 म्हाताऱ्याने ताट खाली ठेवलं, तो ओट्याच्या कडेला बसला आणि त्याने हात सोट्याच्या पाठीवर ठेवला. दोन वर्षं त्याने या कुत्र्याला रोज भरवलं होतं. हात आज पहिल्यांदा लावला. सोट्या सरकून त्याच्या मांडीला टेकून बसला.

ठकूबाई मागे वळली आणि शेळ्यांकडे चालू लागली. तिच्या रागाची आता गावाला गरज उरली नव्हती.

सोट्या त्यानंतर सात वर्षं जगला. रोज सकाळी गावातलं कुणी ना कुणी त्याच्याबरोबर माळावर जायचं. तो म्हातारा तर त्याच्याच नादाने पुन्हा टेकाड चढायला शिकला. त्या गावात पुढे कुणी कुत्रं-मांजर पाळलं, तर घरातली मोठी बाई पोराचा हात धरून आधी त्याच्या कुशीवर ठेवायची आणि सांगायची, इथे बरगडी लागते का बघ, मगच ताटाकडे वळ.

तात्पर्य: ज्याच्यावर माया आहे, त्याला घास पोटापुरता द्यावा आणि वेळ मनापासून द्यावा.